ढब्बू झोपेल तेवढा घाट

आमच्या ढब्बूला झोप यायला हवी असेल तर कुणीतरी सायकल चालवावी लागते. ही आमचीच करणी आहे, त्या बिचाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

तो जन्मला तेव्हा त्याचा बाप घाट चढायची तयारी करत होता. बाहेर पडायला सवड नव्हती, म्हणून त्याने झोपायच्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, सायकल एका स्टँडवर चढवली. मागचं चाक फिरतं, सायकल जागची हलत नाही. बाप रोज घाम गाळायचा आणि पाळण्यातला ढब्बू ती घरघर ऐकत, ते वरखाली होणारे पाय बघत गाढ झोपायचा. आम्ही एकमेकांना म्हणायचो, काय गुणी बाळ आहे. मग एकदा बापाला ताप आला, तो सायकलवर चढला नाही, आणि गुणी बाळाने अख्खी इमारत डोक्यावर घेतली.

तेव्हापासून घरात पाळ्या लागल्या. "मी भांडी घासते, तू पेडल मार." "मी मारलं सकाळी." "सकाळी तो जागा होता, ते धरायचं नाही." अंगाई, खुळखुळा, मांडी, खांदा, सगळं करून झालं. ढब्बूला फसवता येत नाही. पाय थांबले की जरा वेळाने त्याचा एक डोळा उघडतो आणि हजेरी घेतो. पाय दिसले नाहीत तर दुसरा उघडतो. दुसरा उघडला की संपलं.

तर अशी ही सहल ठरली. भाड्याची कॅम्पर व्हॅन, पानगळीचे दिवस, तीन घाट. एकाने पुढे सायकल चालवायची, दुसऱ्याने मागून व्हॅन आणायची. ढब्बू पुढच्या सीटवर त्याच्या छोट्या खुर्चीत, समोरच्या काचेतून फिरणारे पाय. आम्हाला सायकल, त्याला झोप. पहिले दोन घाट नवऱ्याचे, तिसरा आणि सगळ्यात उंच तो माझा. हे आम्ही ढब्बूच्या टाळूवर हात ठेवून ठरवलं होतं.

तिसरा माझा असण्याला कारण होतं. मागच्या वर्षी उन्हाळ्यात मी एकटीच तो चढायला गेले होते. माथ्याच्या अलीकडे एक फाटक आहे. तिथे पोचले, एका पांढऱ्या दगडाला टेकले आणि पोटातलं सगळं बाहेर आलं. वाटलं, उंची लागली. डोकं गरगरत होतं, तशीच माघारी फिरले. नंतर कळलं की उंची वगैरे काही नव्हतं, तो ढब्बू होता. मी आणि सायकल अशा दोघीच आहोत असं समजून मी परत आले होते, आणि आम्ही तिघं होतो. त्यानंतर डोहाळे, बाळंतपण, रात्रीची जागरणं. पण अधूनमधून दुपटी धुताना तो दगड डोळ्यांपुढे यायचा. त्याच्या पुढे फक्त दोन वळणं होती.

आम्ही तिसऱ्या घाटाच्या पायथ्याशी पोचलो तर तिथे पाटी. *घाट आज अंधार पडताच बंद होईल. वसंतात उघडेल.* वसंतात मी पुन्हा कामावर रुजू झालेली असणार. म्हणजे आज, नाहीतर कधी ते देव जाणे. सूर्य अजून चांगला वर होता. मी बुटांच्या पट्ट्या आवळल्या.

"सावकाश जा," नवरा म्हणाला. "पण लवकर जा."

आता माझ्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. मी त्यांना आई म्हणते. आई निवृत्त बस कंडक्टर. "तुम्ही दोघं सायकल खेळणार, मग लेकराकडे बघणार कोण?" म्हणून त्या आमच्याबरोबर आल्या. निवृत्त होताना त्यांना बसमधली घंटी भेट मिळाली होती, दोरीसकट. ती त्यांनी पहिल्याच दिवशी व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर लावली आणि दोरी छताखालून मागच्या दारापर्यंत नेली. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोन टोले पडल्याशिवाय व्हॅन हलवायची नाही, असा नियम. त्याच दोरीवर मी ढब्बूची दुपटी वाळत घालायचे. त्यामुळे कुणी दुपटं ओढलं की नवरा करकचून ब्रेक दाबायचा.

पहिल्या दोन घाटांत दुपट्यांपलीकडे काही अडचण आली नाही. कारण त्या घाटांत बसथांबे नव्हते.

या घाटात होते.

मी पुढे होते. जंगल पिवळंधमक झालं होतं, रस्त्यावर ओली पानं चिकटलेली, आणि चढ असा की चालणारा माणूस माझ्याशी गप्पा मारत आला असता. मागे व्हॅन पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत होती. तिसऱ्या-चौथ्या वळणावर लाकडी शेड दिसली. शेडमध्ये एक माणूस उभा होता, शेजारी न्हाव्याच्या दुकानातली गोल फिरणारी खुर्ची. त्याने हात केला. मला वाटलं, शाबासकी देतोय. मीही हात केला.

मागे टण्ण झालं. व्हॅन थांबली.

मी मान वळवून बघितलं. आईंनी सरकतं दार उघडलं होतं. "कुठे जायचंय?"

"घाटापलीकडे," खुर्चीवाला म्हणाला. तो न्हावी होता. थंडी पडली की अलीकडची गिऱ्हाईकं खाली निघून जातात, म्हणून हिवाळ्यात तो पलीकडे दुकान मांडतो. "बसची वाट बघतोय. आज बराच उशीर झाला."

"चढा. पुढे सरका. खुर्ची आडवी ठेवू नका, वाट अडते."

"आई," नवऱ्याचा आवाज आला, "ही बस नाहीये."

"मग थांबा कशाला आहे इथे?"

 वाद घालायला माझ्याकडे वेळ नव्हता. व्हॅन थांबली होती आणि मी थांबले तर ढब्बू एक डोळा उघडणार होता. म्हणून मी व्हॅनच्या तोंडासमोर गोल गोल फिरायला लागले. ज्याने हे कधी केलं नसेल त्याला सांगते, घाटात गोल फिरणं म्हणजे निम्मा गोल छाती फुटेस्तोवर चढ आणि निम्म्या गोलात ब्रेक. खुर्ची दारातून सरळ जाईना, उलटी जाईना, शेवटी न्हावी तिच्यात बसला आणि आईंनी दोघांना मिळून आत ओढलं. टण्ण टण्ण. निघालो.

"अगं, दमू नकोस," नवरा खिडकीतून म्हणाला.

"तुझ्या आईला सांग थांबू नका म्हणून."

"तूच सांग. तुझं ऐकतात त्या."

हे खोटं होतं. त्या कुणाचंच ऐकत नाहीत.

पुढच्या थांब्यावर एक बाई, मांडीवर लाकडी पेटी. ती मधमाश्या पाळायची. पेटीत एक मोहोळ होतं, पलीकडच्या उबदार उतारावर न्यायचं होतं. ती आत चढताना मी सहाव्या की सातव्या गोलात होते.

"चावतील का हो?" न्हाव्याने विचारलं.

"झोपल्यात त्या," बाई कुजबुजली. "आवाज करू नका."

"आमचाही झोपलाय," आई कौतुकाने म्हणाल्या. मग दोघींनी कुणाची झोप किती सावध असते याच्यावर बोलायला सुरुवात केली, आणि घंटी द्यायची राहून गेली. मी आणखी तीन गोल मारले. चौथ्याला ओरडावंसं वाटलं, पण ओरडले असते तर ढब्बू आणि मधमाश्या, सगळेच उठले असते.

सूर्य एव्हाना डोंगराच्या खांद्यावर आला होता. माझ्या मांड्या भरून आल्या होत्या. घाट चढून झाला असता तितका वेळ मी गोल फिरण्यात घालवला होता. डोळ्यांत पाणी आलं. ते वाऱ्याने, असं मी ठरवलं.

तिसऱ्या शेडमध्ये गणवेशातला एक जाडगेला माणूस, हातात जेवणाचा डबा. टण्ण.

"कुठे?"

"घरी. पलीकडे." त्याने आईंकडे, मग दोरीकडे, मग घंटीकडे बघितलं. "कंडक्टर?"

"जन्मभर," आई म्हणाल्या. "तुम्ही?"

"याच रस्त्यावरचा बस ड्रायव्हर."

"मग बस कुठाय?"

"बंद केली. गेल्या आठवड्यात, मला न विचारता. म्हणाले, घरी जा. अहो, पण घरी जाणार कसा? मी रोज बसनेच घरी जायचो."

"स्वतःच चालवत?"

"स्वतःच चालवत. आता इथे उभा राहतो रोज. एखाद्या दिवशी येईल."

आईंनी त्याला असं आत घेतलं, जसं पोरक्या झालेल्या भावाला घरात घ्यावं. तो बसला आणि व्हॅन मागून खाली बसली. खुर्ची, न्हावी, पेटी, बाई, ड्रायव्हर, आई, दुपटी. टण्ण टण्ण झालं. व्हॅन गुरगुरली, दोन हात पुढे आली आणि जळका वास सुटला.

"क्लच जाळताय," मागून ड्रायव्हर म्हणाला.

"सायकलच्या वेगाने न्यायचीय," नवरा म्हणाला. "बाळ उठतं."

"बाळ उठेल नाहीतर गाडी बसेल, काय ते ठरवा. उठा, साहेब. बघवत नाही मला."

नवरा उठला. मला काचेतून दिसत होतं, तो सुटल्यासारखा उठला. ड्रायव्हरने सीटवर बूड टेकवलं, स्टिअरिंगवर हात फिरवला आणि डोळे मिटले. मग म्हणाला, "तापलीय. हिला थंड करावं लागेल. मग एका दमात वर नेतो. पण सायकलच्या मागे रांगत जाणार नाही ही, सांगून ठेवतो."

म्हणजे झालं. पलीकडचं शिखर लाल व्हायला लागलं होतं. मी एकटी पुढे गेले तर ढब्बूचा दुसरा डोळा उघडणार. थांबले तर फाटक बंद. मी गोल फिरत राहिले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

आई खाली उतरल्या. माझ्या गोलाच्या मध्यभागी येऊन उभ्या राहिल्या आणि मी जिकडे जाईन तिकडे तोंड करून फिरायला लागल्या.

"तू जा," त्या म्हणाल्या.

"ढब्बू?"

"बाप आहे की त्याला. त्याची सायकल मागे टांगलेलीच आहे, घरून आणलेला स्टँड बाकाखाली आहे. मारेल पेडल."

"आत जागा कुठाय?"

"न्हावी पाय वर घेईल. तू जा गं. अंधार होईल."

"उठला तर?"

"उठला तर उठला. आम्ही इतकी माणसं आहोत, एक पोर सांभाळता येणार नाही?" मग त्यांनी गोल फिरता फिरता माझ्या पाठीवर हात ठेवायचा प्रयत्न केला, तो खांद्याला लागला. "नॉनस्टॉप जा. वाटेत कुणी हात केला तरी थांबायचं नाही."

हात केलेल्या माणसाला ज्या बाईने आयुष्यात कधी मागे टाकलं नाही, ती हे म्हणाली.  त्या व्हॅनपाशी गेल्या, दारातून आत हात घातला आणि माझ्यासाठी दोन टोले दिले.

मी गोल मोडला आणि वर निघाले.

पहिल्या वळणापर्यंत मागची घरघर ऐकू येत होती. नवरा पेडल मारत होता. मग ती विरली. नऊ महिन्यांत माझ्या मागे, पोटाशी, कडेवर किंवा भिंतीपलीकडे कुणी नाही असं पहिल्यांदाच झालं होतं. मी सवयीने मागे वळून बघायचे. रस्ता रिकामा. पानं गळत होती, तीही कुणी झोपलं असल्यासारखी हळूच. पाय हलके झाले आणि त्याच वेळी दूध दाटून आलं, जर्सीच्या आत दोन ओले गोल उमटले. त्याच्या दुधाची वेळ झाली होती. "आले रे," मी रस्त्याला म्हणाले, आणि उलट्या दिशेला जात राहिले.

झाडं संपली. गवत करडं झालं, वारा बोचरा. आणि वळणावर तो पांढरा दगड. मी त्याला ओळखलं. त्याने मला ओळखलं नसावं. दगडाच्या पुढे फाटक, फाटकाशेजारी खोली, खोलीच्या दारात घोंगडी पांघरून बसलेला फाटकवाला. उजेड इतका कमी झाला होता की त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त चहाची वाफ दिसत होती.

फाटक उघडं होतं.

"बंद नाही केलं?" मी धापा टाकत विचारलं.

"करायचंय की. बस कुठाय?"

"कुठली बस?"

"शेवटची. शेवटची बस गेली की फाटक लावायचं, असा हुकूम आहे. दरवर्षी असंच. पाटी लावतो, बस जाते, मी फाटक लावतो आणि घरी जातो. या वेळी पाटी लावली आणि बसच येईना."

"बस तर बंद केलीय. गेल्या आठवड्यात."

"असं ऐकलं मी पण," तो शांतपणे म्हणाला. "मला कुणी तसं कळवलेलं नाही. बस आल्याशिवाय मी फाटक लावू शकत नाही. लागलं तर वसंतापर्यंत बसेन. घरी बायको म्हणते, अहो, सरळ लावून या. असं कसं लावणार? बसमधली माणसं मागे राहिली म्हणजे?"

मी सायकलच्या दांड्यावर डोकं टेकवलं. मला हसू येत होतं की रडू, ते माझं मलाच कळेना. म्हणजे मी जीव खाऊन वर आले नसते तरी चाललं असतं. आणि आई थांब्यावर थांबल्या नसत्या तर हा वसंतापर्यंत इथेच बसला असता.

"बस येतेय," मी म्हणाले. "मागेच आहे. ड्रायव्हर आहे, कंडक्टर आहे. घंटी पण आहे."

तो उठून उभा राहिला. घोंगडी खांद्यावरून घसरली. "कसा काय उशीर झाला?"

"बाळ झोपलं होतं."

त्याने मान डोलावली, जणू हे कारण वहिवाटीतलं होतं. "तू जा पुढे. फाटक तुझ्यासाठी उघडं नाहीये, पण जा."

दोन वळणं. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एक डावीकडे होतं, एक उजवीकडे. मग रस्ता सपाट झाला, पलीकडच्या दरीत दिवे लागलेले दिसले आणि चढायला काही उरलं नाही. मी खाली उतरले.  या वेळी पोटातून काही वर आलं नाही. पोटात कुणी नव्हतं. जो होता तो खालून येत होता, माणसं आणि मोहोळ घेऊन.

व्हॅन आली ती खरंच एका दमात आली. फाटकापाशी थांबल्याचं ऐकू आलं, टण्ण. मग बराच वेळ काही नाही, बहुतेक फाटकवाला आणि ड्रायव्हर गळ्यात पडले असावेत. मग टण्ण टण्ण, मग लोखंडी खण्ण, फाटक लागलं. व्हॅन वर येऊन माझ्याजवळ उभी राहिली आणि सरकतं दार उघडलं.

आत फाटकवाला धरून सगळे होते. स्टँडवरच्या सायकलवर न्हावी होता, घामाघूम, पेडल मारत होता. त्याच्या फिरत्या खुर्चीत माझा नवरा, एका पायात पेटका आल्यामुळे पाय मधमाश्यांच्या पेटीवर. आणि आईंच्या मांडीवर ढब्बू, दोन्ही डोळे टक्क उघडे. हातात घंटीच्या दोरीचं टोक.

"कधी उठला?" मी विचारलं.

"तू गेलीस त्याच्या पुढच्याच वळणाला," आई म्हणाल्या.

"रडला?"

"छे. बघत बसलाय सगळ्यांकडे. एकदाही कुरकुर नाही."

"मग पेडल कशाला मारताय?"

न्हाव्याने कपाळ पुसलं, पण पाय थांबवले नाहीत. "तो बघत होता ना, ताई. मध्येच थांबणं बरं दिसलं नसतं."

ढब्बूने मला बघितलं. आधी ओळखलं नाही, हेल्मेट होतं. मग ओळखलं. त्याचा खालचा ओठ हळूहळू पुढे आला, आणि इतक्या वेळच्या गुणीपणाचं सगळं उट्टं काढत त्याने असा टाहो फोडला की पेटीतून गुणगुण सुरू झाली.

"आईला बघितलं की सगळं आठवतं यांना," मधमाशीवाली म्हणाली आणि दोन्ही हात पेटीवर ठेवले.

मी पायरीवरच बसले, त्याला घेतलं, ओल्या जर्सीत घुसवलं. तो प्याला. माझी धाप अजून चालूच होती, छाती वरखाली, वरखाली. चार घोट झाले आणि त्याचा एक डोळा मिटला. न्हाव्याने ते बघितलं आणि फार जपून, एकेक पाय काढत, सायकलवरून उतरला. चाक आपोआप फिरायचं थांबलं. व्हॅनमध्ये कुणी श्वास घेतला नाही. मी सोडून.

दुसरा डोळा मिटला.

"हे कशाने?" नवरा कुजबुजला.

आईंनी माझ्याकडे निरखून बघितलं, ढब्बूच्या डोक्याकडे बघितलं, माझ्या छातीबरोबर ते कसं वरखाली होतंय ते बघितलं.

"धाप थांबवू नकोस," त्या म्हणाल्या.

"आई, मी काय मुद्दाम..."

"बोलू नकोस. धाप चालू ठेव. घर येईपर्यंत."

त्यांनी माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली, फाटकवाल्याची. नवऱ्याने लंगडत जाऊन माझी सायकल वर टांगली आणि येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसला. "झाला?" त्याने विचारलं. मी धापा टाकत मान हलवली. झाला. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला सोबत म्हणून स्वतःही हळूहळू धापा टाकायला लागला. मग न्हावी. मग फाटकवाला.

आईंनी घंटीची दोरी हातात घेतली, पण ओढली नाही. वाकून, ढब्बूला ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या हाताने, ड्रायव्हरच्या पाठीवर नखाने दोनदा टिचकी मारली.